नागपूर ते मुंबई विमानाने अंतर किती, वेळ किती? यवतमाळ जिल्ह्यातून निघणाऱ्यांसाठी घरापासून मुंबईपर्यंतचा पूर्ण हिशेब

नागपूरहून मुंबईला विमान दीड तासात पोचतं, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. पण दारव्हा, दिग्रस, आर्णी किंवा घाटंजीतून निघणाऱ्या माणसाचा प्रवास काही विमानतळावरून सुरू होत नाही, तो घराच्या दारातून सुरू होतो. मुंबईत रुग्णालयाची तारीख असते, नोकरीची मुलाखत असते, नाहीतर मुंबईहून आखाती देशात जाणारं पुढचं विमान पकडायचं असतं. अशा वेळी "दीड तासच तर आहे" या भरवशावर निघालेल्याचं विमान चुकतं. पैसेही जातात आणि कामाची तारीखही जाते.

म्हणून या लेखात नागपूर–मुंबई हवाई अंतर, उड्डाणाचा खरा वेळ, तिकिटावरच्या वेळेचा अर्थ आणि आपल्या जिल्ह्यातून निघाल्यावर लागणारा एकूण वेळ, असा सगळा हिशेब एकत्र दिला आहे.

थोडक्यात माहिती

- हवाई अंतर (सरळ रेषेत): सुमारे ६८५ किलोमीटर
- तिकिटावर दिसणारा वेळ: साधारण १ तास २५ मिनिटे ते पावणेदोन तास
- प्रत्यक्ष हवेत जाणारा वेळ: साधारण सव्वा तास
- समृद्धी महामार्ग: ७०१ किलोमीटर (नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे)
- रेल्वे: नागपूर ते मुंबई सीएसएमटी ८३७ किलोमीटर
- यवतमाळ शहरातून विमानाने, घर ते मुंबईतील ठिकाण: साधारण ८ ते ९ तास

हवाई अंतर म्हणजे नेमकं काय?

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, या दोन ठिकाणांना जोडणारी पृथ्वीच्या पाठीवरची सगळ्यात जवळची रेषा मोजली तर ती सुमारे ६८५ किलोमीटर भरते. वैमानिक अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर ३७० सागरी मैलांच्या आसपास येतं.

नकाशावर पट्टी ठेवून नागपूर ते मुंबई रेघ ओढली तर ती अमरावती शहराच्या दक्षिणेकडून, पुढे अकोला आणि वाशिम यांच्या मधून जाते. तिथून बुलढाणा जिल्ह्याचा दक्षिण भाग, छत्रपती संभाजीनगर, संगमनेर, हरिश्चंद्रगडाचा डोंगर आणि कल्याण असा तिचा मार्ग आहे. म्हणजे दारव्हा-नेर भागातल्या शेतातून उत्तरेकडे आभाळात जी पांढरी रेघ दिसते, त्यात मुंबईचं एखादं विमान असू शकतं.

प्रत्यक्षात विमान अगदी या रेघेवरून जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात. उड्डाण करताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेने वळसा घ्यावा लागतो, वाटेत ढगांचा गडगडाट असेल तर तो टाळावा लागतो. त्यामुळे विमान सरळ रेषेपेक्षा काही किलोमीटर जास्तच कापतं.

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर या हवाई अंतराच्या अगदी जवळ जातात. पण हा महामार्ग मुंबई शहरात संपत नाही, तो भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे संपतो. तिथून पुढे मुंबईची गर्दी वेगळी.

हिशेबाने ५० मिनिटे, मग तिकिटावर दीड तास का?

या मार्गावर मुख्यतः एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ जातीची जेट विमाने चालतात. पूर्ण उंचीवर गेल्यावर त्यांचा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर असतो. ६८५ ला ८३० ने भागलं तर ५० मिनिटेही होत नाहीत. मग दीड तास कुठून आला?

याचं उत्तर एसटीच्या प्रवासातच आहे. गाडीचा काटा ८० वर गेला म्हणून यवतमाळ ते नागपूर पूर्ण रस्ता कुणी ८० च्या वेगाने कापत नाही. स्टँडमधून बाहेर पडायला वेळ लागतो, गावातून हळू जावं लागतं, उतरायच्या ठिकाणी गर्दी असते. विमानाचंही तसंच आहे.

तिकिटावर सुटण्याची जी वेळ लिहिलेली असते ती विमान जमीन सोडण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलण्याची ती वेळ असते. पोचण्याची वेळ म्हणजे मुंबईत विमान आपल्या जागी जाऊन थांबण्याची वेळ. या दोन्हींच्या मधला काळ असा जातो:

- जागेवरून मागे सरकून धावपट्टीपर्यंत जाणं: साधारण १० मिनिटे
- उड्डाण करून पूर्ण उंचीवर पोचणं: साधारण २० मिनिटे
- पूर्ण वेगाने सरळ प्रवास: साधारण अर्धा तास
- खाली येणं, रांगेत लागणं आणि उतरणं: साधारण २५ मिनिटे
- मुंबईत धावपट्टीवरून थांबण्याच्या जागेपर्यंत जाणं: ५ ते १५ मिनिटे

वर चढताना आणि खाली येताना विमानाचा वेग कमी असतो. नागपूर–मुंबईसारख्या मध्यम अंतरात पूर्ण वेगाने जायला मिळणारा वेळ थोडाच. ८३० ने केलेला भागाकार म्हणूनच चुकतो.

मुंबईवर विमान घिरट्या का घालतं?

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. या एका धावपट्टीवरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने ये-जा करतात. एखादं विमान थोडं उशिरा उतरलं की मागची सगळी रांग सरकते. अशा वेळी नागपूरहून आलेल्या विमानाला आकाशातच फेरे मारत थांबायला सांगतात. कधी कधी नागपूरलाच विमान उशिरा सोडतात, म्हणजे वरती इंधन जळत नाही.

कंपन्यांना हे माहीत असतं. त्या वेळापत्रकातच थोडी जास्त मिनिटे धरून ठेवतात. म्हणूनच एखाद्या दिवशी मुंबईत गर्दी नसली तर विमान वेळेच्या १०-१५ मिनिटे आधी पोचतं आणि प्रवाशांना नवल वाटतं. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी एखादा दिवस काही तास विमानतळ बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते, आणि त्या दिवशी वेळा बदलतात.

जाताना जास्त, येताना कमी

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानाला हे वारे पाठीमागून ढकलतात, तर मुंबईला जाणाऱ्या विमानाला ते समोरून अडवतात. सायकलवर वाऱ्याविरुद्ध पायडल मारणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे थंडीच्या दिवसांत येतानाचा वेळ जातानापेक्षा पाच-दहा मिनिटांनी कमी लागू शकतो.

अमरावती जवळ, तरी वेळ जास्त

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. नेर, दारव्हा आणि यवतमाळ शहराच्या लोकांना हा विमानतळ नागपूरपेक्षा जवळ पडतो. यवतमाळ ते अमरावती सुमारे ९० किलोमीटर, तर यवतमाळ ते नागपूर सुमारे १५० किलोमीटर.

अमरावती ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे. नागपूरपेक्षा दीडशे किलोमीटर कमी. तरी सुरुवातीच्या वेळापत्रकात या प्रवासाला पावणेदोन तास धरले होते, नागपूरच्या विमानापेक्षा जास्तच. कारण इथे एटीआर-७२ हे पंख्याचं विमान वापरलं गेलं. सत्तरच्या आसपास आसनांचं हे विमान लहान धावपट्टीवर उतरू शकतं, पण त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच असतो.

तरीही घरापासूनचा एकूण वेळ पाहिला तर यवतमाळच्या माणसाला अमरावती परवडू शकतं. अडचण एकच. सुरुवातीला ही सेवा आठवड्यातून तीन दिवसच ठेवली होती. त्यामुळे आपल्या कामाच्या दिवशी विमान आहे का, हे आधी पाहावं. परतीच्या दिवशी आहे का, हे त्याहून आधी पाहावं.

कोणत्या तालुक्याला कोणता विमानतळ?

यवतमाळ शहराजवळ धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून जाण्याची नियमित प्रवासी सेवा नाही. त्यामुळे बाहेरचाच विमानतळ गाठावा लागतो.

- यवतमाळ, कळंब, बाभूळगाव, राळेगाव: नागपूर सोयीचं. अमरावतीचा दिवस जुळला तर यवतमाळ आणि बाभूळगावला तेही चालतं.
- वणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी: नागपूरच. पांढरकवड्याहून हिंगणघाट मार्गे राष्ट्रीय महामार्गाने सरळ जाता येतं.
- नेर, दारव्हा: अमरावती किंवा नागपूर.
- पुसद, उमरखेड, महागाव: नागपूर खूप दूर पडतं. उमरखेडहून नांदेड शंभर किलोमीटरच्या आत आहे, पुसदहूनही शंभरच्या आसपासच. नांदेड विमानतळावरून त्या दिवशी कुठली विमाने आहेत ते आधी पाहावं, मगच नागपूरचं तिकीट काढावं.

नागपूरला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फायद्याची आहे. विमानतळ वर्धा रोडवर, शहराच्या अलीकडेच आहे. यवतमाळहून वर्धा-बुटीबोरी मार्गे येताना विमानतळ आधी लागतो, सीताबर्डी नंतर. एसटीने येणाऱ्याने थेट मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊन परत फिरण्याची गरज नाही. वाहकाला आधीच सांगून वर्धा रोडवर उतरता येतं. या रस्त्याला लागूनच मेट्रोची खापरीकडे जाणारी मार्गिका आहे आणि तिच्यावर 'एअरपोर्ट' नावाचं स्टेशन आहे. स्टेशनवरून टर्मिनल थोडं आत आहे, तेवढ्यासाठी ऑटो करावा लागतो.

घर ते मुंबई: पूर्ण हिशेब

समजा, यवतमाळ शहरातल्या एका कुटुंबाला मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचं आहे आणि नागपूरहून दुपारी २ वाजताचं विमान आहे.

- सकाळी ८ वाजता घरातून निघायचं. खासगी गाडीने नागपूर विमानतळ गाठायला ३ तास धरायचे.
- वाटेत चहा, एखादा जाम, पंक्चर यासाठी १ तास हातचा ठेवायचा.
- दुपारी १२ वाजता, म्हणजे विमानाच्या २ तास आधी, विमानतळावर.
- २ ते साडेतीन: विमान.
- सामान पट्ट्यावर येऊन हातात पडायला आणि बाहेर यायला अर्धा ते पाऊण तास.
- विमानतळ ते परळ: रस्त्याने तासाभराच्या आत-बाहेर.

म्हणजे परळला पोचेपर्यंत संध्याकाळचे ५ ते साडेपाच होतात. दीड तासाचं उड्डाण, पण घर ते परळ नऊ-साडेनऊ तास. वाटेत काहीच अडलं नाही आणि सामान हातातल्या बॅगेत मावलं, तर आठ तास.

रुग्णालयाच्या नोंदणीचं काम सकाळी असतं. त्यामुळे तारीख मंगळवारची असेल तर विमान सोमवारचंच हवं. पहाटेच्या विमानाने जाऊन त्याच सकाळी दहाला तपासणीला उभं राहू, हा बेत धोक्याचा आहे. विमान दोन तास लेट झालं की बेत कोसळतो.

आता तुलना पाहू. रेल्वेने जायचं तर यवतमाळहून धामणगाव किंवा बडनेरा गाठून रात्रीची गाडी पकडता येते. एकूण १४-१५ तास लागतात, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि सकाळी माणूस दादरलाच उतरतो. नागपूरहून सुटणारी दुरांतो साधारण ११ तासांत मुंबईला पोचते. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीने यवतमाळ ते मुंबई ९ ते १० तास धरावे लागतात, तेही चालक ताजा असेल तर. एकाच चालकाने रात्रभर समृद्धीवर गाडी ओढू नये. सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

थोडक्यात, यवतमाळकराला विमानाने वाचणारा वेळ पाच-सहा तासांचा आहे. नागपूरमध्ये राहणाऱ्याचा मात्र याहून जास्त वेळ वाचतो.

रुग्णांसाठी महत्त्वाचं

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात १०० टक्के सवलत आहे. सोबतच्या एका माणसाला या दोन वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. रुग्ण बसू-झोपू शकत असेल आणि तारखा पुन्हा पुन्हा असतील, तर प्रत्येक वेळी विमानाचा खर्च करण्यापेक्षा हा मार्ग कुटुंबाला तारतो. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, तोही नागपूर किंवा धामणगावपर्यंत कामी येतो.

रुग्णाची प्रकृती नाजूक असेल, बसून लांबचा प्रवास झेपत नसेल, तर विमान योग्य. मात्र काही गोष्टी तिकीट काढतानाच सांगाव्या लागतात:

- व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटातच नोंद करून घ्यावी.
- नुकतंच ऑपरेशन झालं असेल, ऑक्सिजन लागत असेल किंवा झोपवून न्यायचं असेल तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. आयत्या वेळी काउंटरवर रुग्णाला नाकारलं जाऊ शकतं.
- घरचं ऑक्सिजन सिलिंडर विमानात चालत नाही.
- विमानात आतली हवा डोंगरावरच्या हवेसारखी थोडी विरळ असते. हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच जावं.
- औषधं आणि सगळे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवावेत. खाली दिलेली बॅग उशिरा आली तर उपचार अडू नयेत.

तिकीट काढताना या पाच गोष्टी पाहा

१. मुंबईचा कोणता विमानतळ? आता मुंबई परिसरात दोन विमानतळ आहेत. जुना सांताक्रूझ-अंधेरीचा, ज्याची खूण तिकिटावर 'बीओएम' अशी असते. दुसरा नवी मुंबईचा, पनवेल तालुक्यातल्या उलवे भागातला, ज्याची खूण 'एनएमआय' आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. परळ, दादर, अंधेरीला जायचं असेल तर जुना जवळ. पनवेल, वाशी, खारघरला काम असेल तर नवा जवळ. खारघरलाही टाटाचं केंद्र आहे, त्यामुळे रुग्णाची तारीख परळची की खारघरची, हे कागदावर नीट वाचून मगच तिकीट काढावं.

२. कोणतं टर्मिनल? जुन्या विमानतळावर टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पायी जाण्यासारखं अंतर नाही. परतीच्या वेळी चुकीच्या टर्मिनलला उतरलं तर पुन्हा रिक्षा शोधावी लागते. मुंबई मेट्रोच्या ३ नंबरच्या भुयारी मार्गावर दोन्ही टर्मिनलसाठी वेगळी स्टेशनं आहेत.

३. विमान थेट आहे का? मोबाइलवर स्वस्त दिसणारं तिकीट कधी हैदराबाद, इंदूर किंवा दिल्लीवरून फिरून जाणारं असतं. त्यात एकूण वेळ पाच ते दहा तास होतो. "थांबा नाही" किंवा "नॉन-स्टॉप" असं लिहिलेलं पाहूनच पैसे भरावेत.

४. तारीख बरोबर आहे का? रात्री १२ नंतरच्या विमानाला पुढची तारीख लागते. १५ तारखेला रात्री जेवून निघायचं आणि विमान रात्री १२.४० चं असेल, तर तिकीट १६ तारखेचं हवं. ही चूक दर मोसमात कुणीतरी करतंच.

५. नाव जुळतं का? तिकिटावरचं नाव आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवान्यावरच्या नावासारखंच हवं. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर त्यावरचा पीएनआर क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासावा. नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर भरवसा ठेवू नये.

विमानतळावर किती आधी?

देशातल्या प्रवासासाठी दोन तास आधी पोचणं बरं. बहुतेक कंपन्या सामान घेण्याचा काउंटर विमानाच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. विमानात चढण्याचं दार २५ मिनिटे आधी बंद होतं. एसटी स्टँडवर सुटणारी गाडी हात करून थांबवता येते. इथे एक मिनिट उशीर झाला तरी दार उघडत नाही, आणि उशीर प्रवाशाकडून झाला तर तिकिटाचे पैसे बहुतांशी बुडतात.

मोबाइलवरून आदल्या दिवशीच वेब चेक-इन करता येतं. त्याने काउंटरवरची एक रांग वाचते.

सामानाचं वजन घरीच करून घ्यावं. साधारणपणे हातातली एक बॅग ७ किलो आणि खाली द्यायची १५ किलोपर्यंत चालते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. विळी, चाकू, कात्री, अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही. लोणचं, तूप, तेल हातातल्या बॅगेत अडवलं जाऊ शकतं, म्हणून नीट बांधून खालच्या बॅगेत द्यावं. नारळ आणि सुक्या खोबऱ्याबाबत कंपनीला आधी विचारावं. फवारणीचं औषध, रॉकेल, फटाके कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. फवारणीची पिशवी किंवा पंपाची बॅग प्रवासाला वापरूच नये.

विमान लेट झालं, रद्द झालं तर?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम प्रवाशाच्या बाजूने आहेत. इथे तिकिटावरच्या वेळेचा थेट संबंध येतो. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान २ तासांहून अधिक लेट झालं, तर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला कंपनीने खायला-प्यायला द्यायचं असतं. नागपूर–मुंबई याच गटात येतं. उशीर ६ तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यावा लागतो.

कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानाखेरीज भरपाईही आहे. एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ती ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यापैकी जे कमी असेल ते. वादळ, धुकं, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींसाठी मात्र ही भरपाई मिळत नाही. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्यावा. एजंटचा नंबर दिला असेल तर विमान रद्द झाल्याचा संदेश एजंटला जातो आणि प्रवासी नागपूरला जाऊन उभा राहतो.

उशीर टाळायचा असेल तर सकाळचं पहिलं विमान बरं. एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फिरत असतं. सकाळी कुठे अर्धा तास गेला की संध्याकाळपर्यंत तो वाढत जातो. पण पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीच नागपूर गाठावं लागतं, तो मुक्काम हिशेबात धरावा.

मुंबईहून पुढे दुबईला जायचं असेल तर

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे आणि उड्डाणाला तीन ते साडेतीन तास लागतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून मुंबईहून सकाळी १० ला निघालेलं विमान दुबईत तिथल्या घड्याळाप्रमाणे पावणेबारा-बाराच्या सुमारास उतरतं. तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करू नये, प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी यावं लागतं. नागपूर–मुंबई आणि मुंबई–दुबई ही दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान लेट झाल्याने दुसरं चुकलं तरी दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास घ्यावेत, किंवा मध्ये निदान सहा-सात तास ठेवावेत.

नागपूरचं जुनं नातं

नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा फायदा विमानांनी फार पूर्वीच ओळखला होता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरात परत जायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचायचं ते असं. त्या काळातल्या डाकोटा विमानांचा वेग आजच्या जेटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता.

आजही नागपूरहून दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर, पुणे सुमारे ६०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ४३० किलोमीटर हवाई अंतरावर आहे. बहुतेक मोठी शहरं दोन तासांच्या आत येतात.

निघण्याआधी शेवटची उजळणी

कामाच्या तारखेच्या एक दिवस आधीचं विमान. तिकिटावर विमानतळाची खूण आणि टर्मिनल पाहिलेलं. ओळखपत्र मूळ, रिपोर्ट आणि औषधं हातातल्या बॅगेत. घर ते विमानतळ लागणाऱ्या वेळेत एक तास जादा. मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर नोंदवलेला आणि निघण्याआधी विमानाची वेळ पुन्हा तपासलेली. एवढं केलं की नागपूर–मुंबईचे ते ६८५ किलोमीटर काळजी न करता पार होतात.